माझ्या नावावरची ओळ

रिव्ह्यू म्हणजे काय हे मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं, आणि मीही मान हलवून समजल्याचं सांगितलं होतं. तुम्ही लिहिलेला कोड थेट पुढे जात नाही. टीममधलं दुसरं कुणीतरी तो आधी वाचतं, शंका आली तिथे बाजूला प्रश्न लिहितं. तुम्ही उत्तर देता किंवा दुरुस्त करता, आणि मगच तो पुढे जातो. यात न समजण्यासारखं काही नाही. तरीही मला ते समजलं नव्हतं. कधी कधी वाटतं, अजूनही पूर्ण समजलेलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून बघते आहे.

मी धायरीची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील टेम्पो चालवतात, आसपासच्या मळ्यांतला भाजीपाला भरून मार्केट यार्डात नेतात. दोन मोठ्या सोसायट्यांच्या मधे आमचं थोडं वावर उरलं आहे, त्यात आई मेथी, कोथिंबीर करते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला बाणेरच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. कॉलेजचा नियम असा, की एकदा इंटर्नशिप घेतली की दुसऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसता येत नाही. कंपनीचं म्हणणं असं, की काम बघू आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवू. म्हणजे माझ्यासाठी दार एकच होतं, आणि ते उघडं आहे की बंद हे शेवटी कळणार होतं.

वडिलांना मी हे सगळं नीट सांगितलं. त्यांनी त्यातलं हवं तेवढं घेतलं. आठवड्याभरात आमच्या आळीत सगळ्यांना माहीत झालं की पोरगी बाणेरला कंपनीत लागली.

"आप्पा, अजून लागले नाय मी."

"रोज जाती का न्हाय?"

"जाते."

"मंग?"

मी बॅग उचलून निघायचे. पुढे पुढे तर टेम्पोत भाजी चढवणारे लोकही मला बघून विचारायला लागले, "आमच्या पोराचं बघा की तुमच्या कंपनीत." मी हसून मान खाली घालायचे.

कंपनीत पहिल्या दिवशी एका मोठ्या हॉलमध्ये बसवून आम्हाला सांगितलं होतं की इथे सगळे एक कुटुंब आहेत. कुणाला सर नाही, मॅडम नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची. कुटुंब ही गोष्ट मी खरी धरली. नावाने हाक मारणं मात्र जमेना. आमचे टीम लीड जवळजवळ वडिलांच्या वयाचे, पेठेत वाढलेले गृहस्थ. त्यांना मी नावाने हाक कशी मारणार? म्हणून मी हाकच मारत नसे. त्यांच्या टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहायचे. थोड्या वेळाने ते मान वर करून म्हणायचे, "बोला. की नुसतंच दर्शन?"

माझ्या शेजारी बिबवेवाडीची एक मुलगी बसायची. मुलगी म्हणजे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, कामात मुरलेली. तिला मी ताई म्हणायचे. "ताई नको गं म्हणू, एकदम काकू झाल्यासारखं वाटतं," असं तिने दोन-तीनदा सांगून बघितलं आणि मग नाद सोडला. माझा कोड वाचायचं काम तिच्याकडे होतं.

आमची टीम एका लॅबसाठी अ‍ॅप करत होती. घरी माणूस येतो, रक्त घेऊन जातो, रिपोर्ट फोनवर येतो. मला दिलेलं पहिलं काम म्हणजे पेशंटला आदल्या दिवशी आठवणीचा निरोप पाठवायचा. मी ते लिहिलं. चालतही होतं. ताईने माझी खुर्ची जरा बाजूला सारली, स्क्रीनकडे बघितलं, "हं" म्हणाली, आणि म्हणाली, "जा, चहा घेऊन ये. तोवर बघते."

मी चहा घेऊन आले तेव्हा ती माझ्या लॅपटॉपवर टाइप करत होती. माझ्या कोडमध्ये काही ओळी नव्या होत्या, काही गेल्या होत्या. ती उठली, "झालं, पाठव," म्हणाली, आणि आपल्या जागेवर बसली. मी पाठवलं. तिने तिकडून मंजूर केलं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये लीड म्हणाले, "वा, पहिल्याच फटक्यात पास. एकही प्रश्न नाही." मी ताईकडे बघितलं. ती आपली पाण्याची बाटली उघडत होती.

मला यात काहीच विचित्र वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते सांगायला हवं.

आमच्या आळीत अजून पापड सावडीने होतात. आज आमच्या घरी, उद्या काकीकडे, परवा समोरच्या वहिनींकडे. सगळ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन येतात, ज्या घरचे पापड असतील त्या घरी बसून लाटतात. कुणी कुणाला आभार म्हणत नाही. म्हटलं तर उलट राग येईल. लहानपणापासून मीही त्यात बसते. माझा पापड कधी गोल व्हायचा नाही, एका बाजूला शेपूट निघायचं. शेजारी बसलेली काकी काही न बोलता माझ्या पोळपाटावरचा पापड उचलायची, दोन हात मारून गोल करायची आणि माझ्याच ढिगात ठेवायची. संध्याकाळी आई सगळ्यांना सांगायची, "ह्ये आमच्या पोरीनं लाटल्यात." काकी मान डोलवायची.

तर ताईने माझा कोड गोल करून माझ्या ढिगात ठेवला होता. मला वाटलं, रिव्ह्यू तो हाच. कुटुंब म्हणाले होतेच.

मग माझी पाळी आली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वावरातल्या मेथीची जुडी नेली आणि तिच्या बॅगेशेजारी ठेवली. तिने ती तशीच बॅगेत घातली. नंतर दर आठवड्याला काहीतरी जायचं, कधी मेथी, कधी आंबट चुका. पण भाजी म्हणजे काही काम नव्हे, हे मला टोचत होतं. मला तिच्याइतका कोड येत नव्हता. मग मला एक काम सापडलं.

अ‍ॅपमधले मराठी निरोप ताईकडे होते. ते इंग्रजीवरून कुठल्याशा भाषांतराच्या यंत्रात घालून काढलेले होते. पेशंटला जाणारा निरोप असा होता: "कृपया उद्याच्या चाचणीसाठी उपवास करावा." यावर लॅबकडे तक्रारी येत होत्या. म्हातारी माणसं श्रद्धेने उपवास करत होती, म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन रक्त द्यायला बसत होती. साखर वाढलेली यायची, आणि रक्त पुन्हा घ्यावं लागायचं. ताई वैतागली होती. "यांना उपवास कळत नाही का?" ती म्हणाली. मला वाटलं, त्यांनाच तर कळतो. ती जेवायला गेली असताना मी तिच्या लॅपटॉपवर तो निरोप बदलला. "उद्या सकाळी रक्त देईपर्यंत काहीही खाऊ नका. खिचडी, फळं, चहा, काहीच नको. फक्त पाणी चालेल." तिने परत येऊन वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते तसंच पाठवून दिलं. नंतर बाकीचे निरोपही मीच करू लागले. तक्रारी थांबल्या. मीटिंगमध्ये लीडनी ताईला शाबासकी दिली. ती बाटली उघडून पाणी प्यायली. माझ्या मनात आलं, आता फिटंफाट.

हिवाळा संपता संपता माझ्याबद्दल ठरवायची वेळ आली. छोट्या खोलीत आम्ही तिघंच होतो: लीड, ताई आणि मी. लीड खुशीत होते. "तुमचं काम मला आवडलं," ते म्हणाले. "काही ठिकाणी तर नवशिक्याचं वाटतच नाही." त्यांनी स्क्रीनवर माझं तेच पहिलं काम उघडलं, आठवणीच्या निरोपाचं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही मला फार आवडली. निरोप आधीच गेलाय का ते तुम्ही इथे बघता, बरोबर. पण तो गेल्याची खात्री नसेल तर लगेच परत न पाठवता थोडं थांबता. हे थांबणं कशासाठी? मला उत्सुकता आहे, तुम्हाला हे सुचलं कसं?"

ती ओळ मी कितीदा वाचली होती. रोजच्या बसचा नंबर वाचावा तशी. ती तिथे का आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. काहीतरी अंदाज करता आला असता. कदाचित बरोबरही आला असता. पण पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा.

मी ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. ओळ माझी म्हणावी तर मला ती कळत नव्हती. माझी नाही म्हणावी तर काकीचं नाव घेतल्यासारखं होतं. आळीत आजवर कुणी असं केलेलं मी ऐकलं नव्हतं. वडिलांनी किती लोकांना सांगून ठेवलं होतं तेही नेमकं तेव्हाच आठवलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ही ओळ माझी नाही."

"फाइल तुमची आहे."

"हो."

"नाव तुमचं आहे."

"हो."

"मग ओळ काय, आकाशातून पडली?"

"मी घातली," ताई म्हणाली. "तिच्या मशीनवर बसून. तिची पहिलीच वेळ होती. एवढे सगळे प्रश्न बाजूला लिहिले असते तर ती घाबरली असती. म्हटलं, मीच करून टाकते."

"एकदाच?"

ताईने पाण्याची बाटली हातात घेतली, पण उघडली नाही.

मला वाटलं, आता तिची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. म्हणून मी म्हणाले, "पण त्यांचे मराठी निरोप मी लिहिलेत."

हे बोलून मी परिस्थिती सुधारली असं मला खरोखर वाटलं. लीडनी चष्मा काढला.

"साबुदाण्याचं प्रकरण तुम्ही मिटवलंत?"

"हो."

"म्हणजे हिचं काम तिने केलं आणि तिचं हिने. मग खुर्च्याच बदलून घ्यायच्या होत्या की. निदान मला कळलं तरी असतं." ते थोडा वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांचा आवाज साधा झाला. "अहो, मी रागावलेलो नाही. पण मला यांच्याबद्दल आज काही ठरवता येणार नाही. इतके महिने मी नक्की कुणाचं काम बघत होतो तेच मला माहीत नाही."

ठरलं ते असं. माझ्या परीक्षेपर्यंत वाट बघायची. तोपर्यंत ताईने माझ्या कीबोर्डला हात लावायचा नाही. जे वाटेल ते बाजूला लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. मीही तिच्या निरोपांना हात लावायचा नाही. हवं तर सुचवायचं, तेही लिहून.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर मी सांगणार होते." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "बहुतेक."

घरी वडील वाटच बघत होते. मी सगळं सांगितलं, कोड, ओळ, निरोप, खुर्च्या. ते मन लावून ऐकत होते.

"म्हंजी तिनं तुला मदत केली."

"हो."

"आन तू तिला केली."

"हो."

"आन कामं दोन्ही चांगली झाली."

"हो."

"मंग चुकलं कुणाचं?"

"मला नाय माहीत, आप्पा."

"सायबाचं चुकलं आसंल," ते म्हणाले, पण त्यांनाही ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. मग हळूच विचारलं, "आळीत काय सांगू?"

"काही सांगू नका."

"ते आता कसं जमंल?"

आई आतून ऐकत होती. "तुला तरी कुठं येतोय गोल पापड? काकी हाय म्हणून निभतंय," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "मेथी काढलीय. उद्या न्यायची का न्हाय?"

पापडाचं ती सहज बोलून गेली, पण ते खरं होतं. एवढी वर्षं लाटून माझा पापड गोल होत नाही. मात्र काकीने दरवेळी माझ्या पोळपाटावरून पापड उचलला नसता तर मी लहानपणीच लाटणं टाकून खेळायला पळाले असते, हेही तितकंच खरं आहे. या दोन्हींतलं कुठलं धरायचं ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. मेथीचंही ठरवता आलं नाही. मी ती बॅगेत घातली.

दुसऱ्या दिवशी मी नवं काम पाठवलं आणि ताईचे प्रश्न यायला लागले. एकाखाली एक. आधी माझा कोड किती वाईट असायचा ते मला तेव्हा कळलं, आणि ते बाकीच्यांनाही दिसत होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "हे असं का केलं?"

आमच्या घरी 'असं का केलं' हा प्रश्न नसतो. त्यानंतर फक्त ऐकून घ्यायचं असतं. मी उठून तिच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं. बदलते."

"काय चुकलं?"

"ते नाही माहीत."

"मग बदलणार काय?" ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागली. "अगं, मी विचारलंय. मला खरंच कळलं नाहीये तू असं का केलंस. कदाचित तुझंच बरोबर असेल."

मी सांगायला लागले. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की माझं बरोबर नाही. ती हात मांडीखाली घालून बसली होती, जणू ते कीबोर्डकडे जाऊ नयेत म्हणून. मी परत येऊन तो भाग पुन्हा लिहिला. मग पुन्हा प्रश्न. दिवस संपत आला तेव्हा बॅगेतली मेथी मलूल झाली होती.

"मेथी आणलीयेस ना?" ती म्हणाली. "वास येतोय सकाळपासून."

"आणलीये. पण आता द्यावी का ते कळत नाही."

"दे इकडे. भाजी रिव्ह्यूला येत नाही."

त्यानंतरचे आठवडे मला फारसे आनंदाचे वाटले नाहीत. माझा वेग कमी झाला. आधी दोन दिवसांत होणारं काम आठवडाभर चालायचं. मीटिंगमध्ये "एकही प्रश्न नाही" असं कुणी म्हणत नव्हतं. ताईचे मराठी निरोप पुन्हा थोडे ताठ झाले होते, आणि मी बाजूला लिहायचे, "इथे 'नमुना' ऐवजी 'रक्त' म्हटलं तर?" पहिल्यांदा लिहिताना मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर टोकल्यासारखं वाटलं. तिने खाली लिहिलं, "बरोबर." एवढंच. ते एक 'बरोबर' मात्र सगळ्यांना दिसलं, आणि ते मला का आवडलं याची जरा लाजही वाटली.

एकदा लीड मीटिंगमध्ये सगळ्यांना म्हणाले, "एकमेकांना मदत करत चला, एकट्याने कुढत बसू नका." मी ताईकडे बघितलं. तिने हात मांडीखाली घातले. आम्हाला दोघींनाही हसू आवरेना, पण मला अजून सांगता येणार नाही की ते म्हणत होते ती मदत आणि आम्ही करत होतो ती, यांच्यामधली रेघ नेमकी कुठून जाते.

परीक्षेच्या आधी त्यांनी मला पुन्हा त्या खोलीत बोलावलं. या वेळी माझं सगळ्यात नवं काम उघडलं. ते आधीच्यापेक्षा ओबडधोबड होतं, मलाच दिसत होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं. पण इथे आधी वेगळं होतं. ताईंनी विचारलं तेव्हा कळलं की एकाच घरातल्या दोघांचं रक्त असेल तर एकालाच निरोप जातोय. म्हणून बदललं. आणि ही खालची ओळ चालते, पण मला ती अजून नीट समजलेली नाही. ती मी इंटरनेटवर शोधून, बघून लिहिली आहे."

ते वाचत राहिले. वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, "बरं."

पेठेतल्या माणसाच्या 'बरं'चा अर्थ लावत बसलं तर दिवस जातो. सुरुवातीच्या दिवसांत मी मान हलवून उठले असते आणि बसमध्ये धायरीपर्यंत त्याचाच विचार केला असता. पण आज घरी वडील वाट बघत बसले असतील, त्यांना आळीत काहीतरी सांगायचं असेल.

"बरं म्हणजे काय?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. मी त्यांना इतक्या महिन्यांत समोरून विचारलेला बहुतेक तो पहिलाच प्रश्न.

"बरं म्हणजे परीक्षा द्या आणि जूनपासून या," ते म्हणाले. "आणि ती खालची ओळ समजून घेऊन या."

घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "म्या तर कवाच सांगून ठेवलंय," आणि चप्पल घालून बाहेर गेले. आता नवं काय सांगणार होते कोण जाणे.

त्याच आठवड्यात काकीकडे पापड होते. मी पोळपाट घेऊन तिच्या शेजारी बसले. माझ्या पापडाला नेहमीसारखं शेपूट निघालं आणि काकीने हात पुढे केला. मी पोळपाट थोडा माझ्याकडे ओढला.

"काकी, उचलू नको. कुठं चुकतंय ते सांग."

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "कुठं म्हंजी?" ती म्हणाली. "ते काय सांगायचं आसतं व्हय?" तिने आपल्याच लाटण्याकडे बघितलं, दोन वेळा हवेत फिरवलं, आणि तिलाही ते सांगता येईना. मग आम्ही दोघी तो पापड मधे ठेवून त्याच्याकडे बघत बसलो.